आवाजाला साजेसा माईक कसा निवडावा: खरेदीच्या आधी करायची कामं, क्रमानं

माईक घेताना बहुतेक गायकांचा क्रम उलटा असतो. आधी पैसे किती घालायचे ते ठरतं, मग कुणीतरी एक नाव सुचवतं, खोकं घरी येतं आणि गाणं सगळ्यात शेवटी. पहिले आठ दिवस आवाज ‘अगदी स्टुडिओसारखा’ वाटतो. महिन्याभरात कळतं की प्रत्येक ‘स’ कानात शिरतोय, तार षड्जावर आवाज पत्र्यासारखा वाजतोय आणि मागे शेजाऱ्यांचा मिक्सरही सुरेख रेकॉर्ड झालाय. मग दुसरा माईक. तोही तसाच, नाव विचारून.

नाव विचारण्यात चूक नाही, पण ते सातव्या-आठव्या पायरीवर विचारायचं. कोणताही माईक आवाज जसाच्या तसा देत नाही. कुठला तरी पट्टा तो उचलून धरतो. तुमच्या आवाजातही काही पट्टे मुळातच उठून असतात. हे दोन उंचवटे एकाच जागी आले की आवाज टोचतो, घुमतो किंवा नाकात जातो. माईक निवडणं म्हणजे ते एकमेकांवर येऊ न देणं. त्यासाठी आधी आपला उंचवटा कुठे आहे ते शोधावं लागतं. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत, मधला एखादा गाळू नका.

## तयारी: हाताशी काय हवं

वही, पेन, मोजपट्टी, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, स्टँड, पॉप फिल्टर (‘प-फ’चे हवेचे धक्के अडवणारी जाळी) आणि ध्वनी मुद्रित करणारं काहीही. सुरुवातीला फोनसुद्धा चालेल. शिवाय तुमचं गाणं नेहमी ऐकणारा, पण तुम्हाला खूश करण्याची गरज नसलेला एक माणूस. तो मिळवणं बाकी सगळ्यापेक्षा अवघड.

हा माणूस लागतो, कारण आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो आणि म्हणून खरा आहे त्यापेक्षा भरदार वाटतो. स्वतःचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकल्यावर ‘माईक पातळ आहे’ असं वाटतं ते यामुळे. बरेचदा माईक बरोबर असतो.

## १. कुठे गाणार ते एका वाक्यात लिहा

‘घरी भावगीतं रेकॉर्ड करणार’, ‘गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात गाणार’, ‘बैठकीत ख्याल गाणार’, ‘उभं राहून कीर्तन करणार’. यांतलं एकच निवडा. दोन हवे असतील तर त्यांतलं जास्त वेळा कोणतं होतं ते पाहा.

‘स्टेजलाही चालेल आणि घरीही’ असा एकच माईक शोधणारे बरेच भेटतात. तसा मिळतोही. चांगला स्टेजचा डायनॅमिक माईक (दणकट, जवळचंच नीट ऐकणारा) घरी निभावून नेतो. उलटं मात्र होत नाही. घरच्या शांततेसाठी घेतलेला मोठ्या पडद्याचा कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा माईक) ढोलकी आणि मॉनिटरच्या (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरच्या) मधोमध उभा केला की साउंडवाला तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतो ती विसरता येत नाही.

कीर्तनकारांसाठी वेगळी सूचना. चालत, वळत, हातात टाळ किंवा वीणा घेऊन गाणार असाल तर स्टँडवरचा माईक कितीही चांगला असो, तोंड त्याच्यासमोर राहणार नाही. तुमची निवड हेडसेट माईकांमध्ये होईल. पुढचा आवाज तपासण्याचा टप्पा मात्र तुम्हालाही लागू आहे.

## २. खोलीची परीक्षा घ्या

हा भाग फक्त घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी. स्टेजवाल्यांनी सरळ तिसऱ्यावर जावं.

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली तर भिंती आवाज परतवताहेत. फरशी, काचेच्या खिडक्या आणि ऑइलपेंटच्या भिंती असलेल्या आपल्याकडच्या हॉलमध्ये ती हमखास येते. मग पंखा आणि फ्रीज बंद करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि आवाज वाढवून ऐका. काय काय ऐकू आलं ते वहीत लिहा: लोकल, पंप, कुकर, कबुतरं.

आता सुधारणा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फोम माईकच्या मागच्या भिंतीला चिकटवणं. गाण्याचे बहुतेक माईक समोरचं ऐकतात आणि मागच्या बाजूनं जवळपास बहिरे असतात. माईकच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या पाठीमागे असते भिंत. तिच्यावरून परतणारा आवाज थेट माईकच्या तोंडात जातो. म्हणून गोधड्या, जाड पडदा किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट गायकाच्या पाठीमागे हवं. दोन जाड गोधड्या दोरीवर टांगून टाळी पुन्हा वाजवा, फरक लगेच कळेल.

तपासा: एवढं करूनही शेपटी उरते किंवा रस्ता ऐकू येतोच? मग वहीत ठळक लिहा: ‘खोली बोलकी’. पाचव्या टप्प्यात याचा उपयोग आहे.

## ३. आवाजाची तपासणी

यासाठी एक पूर्ण संध्याकाळ ठेवा, घाई नको. गळा तापलेला हवा. सकाळी उठल्या उठल्या केलेली तपासणी वेगळाच आवाज दाखवते.

आधी पट्टी. तुमची पट्टी आणि तुम्ही प्रत्यक्षात गाता तो खालचा आणि वरचा स्वर लिहा. रियाजात पोहोचता तो नव्हे, गाण्यात वापरता तो. समजा, एखादा गायक काळी एकमध्ये गातो. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर, मंद्र पंचम १०४ वर आणि मंद्र षड्ज ६९ वर येतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज २०८ च्या आसपास आणि मंद्र पंचम १५६ वर. म्हणजे माईकवर किंवा साउंड मिक्सरवर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज गाळणारं बटण) लावला तर गायिकेचं काहीच जात नाही, पंख्याची घरघर आणि स्टँडचे धक्के तेवढे जातात. खर्जात रमणाऱ्या पुरुषानं मात्र तोच लो-कट लावून आणि काढून, दोन्ही ऐकून ठरवावं.

मग ताकद. तुमच्या सगळ्यात हळुवार ओळीत आणि सगळ्यात जोरकस जागेत किती अंतर आहे? फोनचा रेकॉर्डर इथे फसवतो, कारण बरेच फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात. म्हणून मदतनीसाला दोन मीटरवर बसवा आणि विचारा: हळुवार ओळीतले शब्द कळले का, आणि तार सप्तकात मागे सरकावंसं वाटलं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तर तुमचा आवाज समतोल आहे. पहिल्याचं ‘नाही’ असेल तर तुम्ही हळू गाणारे.

आता व्यंजनं. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मराठी गाण्यात खरी भानगड इथेच असते. आपल्याकडे ‘स’ आणि ‘श’ तर आहेतच, पण ‘चमचा’तला ‘च’, ‘जाळं’मधला ‘ज’ आणि ‘झाड’मधला ‘झ’ही दातांमागून हवा सोडतात. ‘चिमणी’तला ‘च’ तेवढा त्रास देत नाही, ‘चोच’ देते. परदेशी परीक्षणांतले गायक आणि निवेदक हे उच्चार फारसे करत नाहीत. त्यामुळे तिथे मऊ वाटलेला माईक आपल्या ओळीवर चरचरू शकतो.

या चार ओळी आधी बोला, मग मध्य षड्जावर आणि नंतर तार षड्जावर गा:

- चुलीवरचा चमचा उचल, साखर सांडेल सगळी.
- शेजारच्या शिंप्यानं शिवलेली शाल.
- पहाटे पाखरं फांदीवर, बाभळीला फुलं भरभरून.
- मनामनात नाद, रानात पाणी, अंगणात मोगरा.

पहिल्या दोन ओळी चरचर दाखवतात. ती साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तिसरी ओळ ‘प-फ-ब-भ’चे हवेचे धक्के दाखवते. चौथीत आवाज नाकात किती जातो ते कळतं. तिन्ही गोष्टी आवाजाच्या उंचीनुसार बदलतात. खाली मऊ असलेला ‘स’ वर गेल्यावर सुरीसारखा होतो, म्हणून दोन्ही सप्तकांत.

शेवटी पोत. नेहमीच्या गाण्याचं एक कडवं, संगत नसताना, मीटरभर अंतरावरून फोनवर घ्या. मदतनीसाला शब्द सुचवू नका, त्याला वर्णन करू द्या. ‘किनरा’, ‘घोगरा’, ‘खणखणीत’, ‘पातळ’, ‘हवा मिसळलेला’, ‘घुमणारा’ असं काहीही म्हणेल. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तोच तुकडा निवडून स्पेक्ट्रमचा आलेख काढता येतो. फोनचा स्वतःचा रंग त्यात मिसळलेला असतो म्हणून आकडे ब्रह्मवाक्य मानू नका. मध्य सप्तकातला आणि तार सप्तकातला तुकडा एकमेकांशी ताडून पाहा. वर गेल्यावर कुठला डोंगर अचानक उभा राहतो, तो तुमचा उंचवटा.

तपासा: वहीत आता चार ओळी हव्यात: खालचा-वरचा स्वर, ताकद, व्यंजनांचा दोष, पोत. दोषाची ओळ कोरी असेल तर तपासणी पुन्हा करा. दोष नसलेला आवाज मी अजून रेकॉर्ड केलेला नाही.

## ४. दोष आणि माईक यांची जोडी लावा

प्रत्येक चांगल्या माईकबरोबर वारंवारितेचा आलेख येतो. खाली हर्ट्झ, बाजूला डेसिबल. तो वाचताना तीन गोष्टी बघा. सपाट रेषा कुठे उचलली जाते? बाजूची प्रत्येक घडी ५ डेसिबलची आहे की १० ची? (१० ची घडी घेतली की डोंगरसुद्धा टेकडी दिसतो.) आणि मोजमाप किती अंतरावरून केलंय? बहुतेक आलेख तुम्ही गाता त्यापेक्षा बरेच लांबून मोजलेले असतात. जवळ गेल्यावर खालचा भाग वेगळा होतो.

त्याला कारण आहे. दिशा पाहणाऱ्या जवळजवळ कोणत्याही माईकच्या जवळ तोंड नेलं की खर्जाचा भाग फुगतो. दोन-तीन सेंटिमीटरवर हा फुगवटा भरपूर असतो, वीस सेंटिमीटरवर बराच ओसरतो. हा तुमचा मित्रही आहे आणि शत्रूही.

पातळ, किनरा आवाज. वरच्या भागात मोठा उठाव असलेला माईक टाळा. जवळून गायल्यावर खालचा फुगवटा आपसूक भर घालतो, म्हणून असा आवाज डायनॅमिक माईकवर अनेकदा सुखावतो. माझ्याकडे अशा आवाजाची एक गायिका आपला महागडा, चमकदार कंडेन्सर घेऊन आली होती. तिचं निम्मं रेकॉर्डिंग आम्ही ‘स’ बोथट करण्यात घालवलं. शेवटी कपाटातला जुना डायनॅमिक काढला आणि दोन टेकमध्ये गाणं संपलं.

भारदस्त, घुमणारा आवाज. इथे उलट. साधारण १५० ते २५० हर्ट्झमध्ये आवाज आधीच भरलेला असतो, त्यात जवळिकीचा फुगवटा पडला की शब्द चिखलात रुततात. वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब राहा आणि वरचा भाग थोडा उघडा असलेला माईक पाहा. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० नावाचा डायनॅमिक माईक मुद्दाम अशा रचनेचा आहे की जवळ गेलं तरी खर्ज फारसा फुगत नाही. रेडिओवाल्यांना तो आवडतो तो यासाठी.

चरचरणारे ‘स-च’. ५ ते ८ हजारांत डोंगर असलेला माईक यादीतूनच काढा. स्वस्त कंडेन्सरांत हा डोंगर फार आढळतो, आणि त्यामागे कारण आहे. त्यांतल्या अनेकांची कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) जर्मन नॉयमान कंपनीच्या जुन्या, प्रसिद्ध यू ६७ माईकच्या कॅप्सूलच्या धर्तीवर बनलेली असते. ती कॅप्सूल मुळात वरच्या भागात तेज आहे. मूळ माईकमधलं सर्किट ते तेज उतरवायचं, स्वस्त नकलांत ते सर्किट बरेचदा नसतं. दुकानात पाच मिनिटं ऐकताना तो झगमगाट ‘स्पष्टपणा’ वाटतो.

नाकातला किंवा कर्कश आवाज. २ ते ४ हजारांचा पट्टा बघा. स्टेजच्या माईकांना शब्द गर्दीतून बाहेर यावेत म्हणून मुद्दाम उठाव दिलेला असतो. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून स्टेजवर राबणारा माईक २ हजारांच्या वर चढत जातो. मऊ, घोगऱ्या आवाजाला हे वरदान. ज्याचा आवाज आधीच खणखणीत आहे त्याला तोच चढ कधी कधी त्रास देतो. एसएम५८ वाईट म्हणून नव्हे, जोडी जुळत नाही म्हणून.

हवा मिसळलेला, हळुवार आवाज. इथे कंडेन्सर खरा कामाचा. श्वास, मुरकीची सुरुवात, ओळीच्या शेवटी विरणारा स्वर हे तो टिपतो. पण अटी आहेत, त्या पुढच्या टप्प्यात.

सावधान: ‘नंतर इक्वलायझरनं (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) काढू’ हा विचार आत्ता करू नका. इक्वलायझर ‘स’ कापतो तेव्हा त्याच पट्ट्यातला शब्दांचा कणाही कापतो.

## ५. डायनॅमिक की कंडेन्सर

यावर लोक तासन् तास वाद घालतात. तुमच्या वहीत उत्तर बहुधा आलेलं आहे.

‘खोली बोलकी’ लिहिलंय का? मग डायनॅमिक, जवळून. हा काही भिंतींचा आवाज ओळखून गाळणारा जादूचा माईक नाही. खरं काम अंतर करतं. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. डायनॅमिक माईक पाच-सात सेंटिमीटरवरून गायला सोयीचा म्हणून खोली मागे पडते. कंडेन्सर आपण वीस सेंटिमीटरवर ठेवतो आणि मग म्हणतो, ‘याला सगळंच ऐकू येतं.’

खोली शांत आणि आवाज हळुवार असेल तर कंडेन्सर. मग त्याची स्वतःची खरखर किती ते पाहा. माहितीपत्रकात ती सेल्फ-नॉइझ म्हणून दिलेली असते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० ची सुमारे २० डेसिबल आहे, रोड कंपनीच्या एनटी१ ची ४.५. पंखा लावून गाणार असाल तर हा फरक पंख्यातच बुडेल, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

जोरकस गायकांना भीती असते की कंडेन्सर फाटेल. आजचे बहुतेक कंडेन्सर १३० डेसिबलच्याही वर सहन करतात. फाटतो तो बहुधा पुढचा गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा ती पातळी. तान घेताना लाल दिवा लागला तर गेन उतरवा, माईक बदलू नका.

डायनॅमिकमध्ये उलटी अडचण येते. शुअरच्या एसएम७बी सारखा माईक इतका मंद असतो की त्याला ६० डेसिबल तरी स्वच्छ गेन लागतो. साध्या इंटरफेसची (माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीची) ताकद तिथे संपत आलेली असते आणि हळुवार गायकाच्या ट्रॅकवर खरखर उरते. छायाचित्रांत तो सगळ्यांसमोर दिसतो म्हणून घेणाऱ्यांनी आधी आपल्या इंटरफेसचा आकडा पाहावा.

रिबन माईकचा (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या) तिसरा मार्ग आहे. कर्कश आवाजाला तो फार प्रेमानं घेतो. पण नाजूक, बहुधा महाग, आणि पुढून-मागून सारखंच ऐकणारा. पहिला माईक म्हणून घेऊ नका.

सावधान: कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागतो. आधी फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली, मग केबल, मग फँटम. काढताना फँटम बंद करून थोडं थांबा, मग केबल. जुन्या रिबनवर फँटम लावू नका. केबल सदोष असेल तर आतली धातूची पट्टीच जाते.

## ६. दिशा ठरवा

कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, बरोबर मागे बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड समोरचा पट्टा आणखी अरुंद करतो, पण त्याला थेट मागचं थोडं ऐकू येतं. त्याच्या बहिऱ्या जागा मागे दोन्ही बाजूंना, समोरून साधारण १२६ अंशांवर असतात.

याचा अर्थ स्टेजवर रोकडा आहे. मंडळाच्या कार्यक्रमात गायकासमोर एकच मॉनिटर, बरोबर मधोमध ठेवलेला असतो. तिथे कार्डिऑइड चालतो. शुअर बीटा ५८ए सारखा सुपरकार्डिऑइड नेलात तर तोच मॉनिटर त्याच्या मागच्या कानात वाजतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटर बाजूला सरकवता येणार असेल तरच सुपरकार्डिऑइड घ्या.

बैठकीत गाणाऱ्यांचं गणित वेगळं. ख्याल गाताना मान वळते, समेवर तबलजीकडे पाहिलं जातं, हात फिरतात. अरुंद पट्ट्याच्या माईकवर प्रत्येक वळणाला आवाज पडतो. कार्डिऑइडच घ्या, बुटक्या स्टँडवर हनुवटीच्या खाली ठेवून माईकचं तोंड वर, आपल्या तोंडाकडे करा. स्वतः हार्मोनियम वाजवत भजन गाणाऱ्यांना याचा दुहेरी फायदा: माईकची बहिरी बाजू खाली पेटीकडे जाते.

सावधान: जाळी मुठीत धरून गाणारा गायक कितीही स्टायलिश दिसो, त्यानं माईकची मागची छिद्रं झाकलेली असतात. दिशा नाहीशी होते आणि फीडबॅक येतो. मग शिव्या साउंडवाल्याला.

## ७. चाचणी

आता यादीत तीन माईक उरायला हवेत. जास्त असतील तर चौथ्या टप्प्यावर परत जा. तीन माईक उसने किंवा भाड्यानं मिळवा. पुण्या-मुंबईत साउंड भाड्यानं देणाऱ्यांकडे नेहमीचे माईक असतात आणि एका दिवसाचं भाडं चुकीच्या खरेदीपेक्षा नेहमी स्वस्त पडतं. दुकानात ‘हॅलो, चेक, चेक’ करून काहीही कळत नाही.

अ) माईक एका वेळी दोनच. एकाच स्टँडवर किंवा शेजारी दोन स्टँडवर, जाळ्या जवळजवळ टेकलेल्या, तोंडापासून वीस सेंटिमीटर. एकाच वेळी दोन वेगळ्या ट्रॅकवर घ्या म्हणजे गाणं तेच राहील. दोन ट्रॅक एकत्र वाजवून मात्र ऐकू नका, आवाज पोकळ होईल.

आ) माईक वरून बोलायचा आहे की बाजूनं, ते बघा. मोठ्या पडद्याचे बरेच कंडेन्सर बाजूनं ऐकतात, ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे त्या बाजूनं. त्याच्या टाळूवर गाऊन ‘माईक मंद आहे’ म्हणणारे मी पाहिलेत.

इ) पॉप फिल्टर माईकपासून पाच ते आठ सेंटिमीटर पुढे. तो जाळीला चिकटवला तर उपयोग नाही.

ई) सगळ्यात जोरकस ओळ गाऊन गेन लावा, शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये थांबावीत.

उ) क्रमानं गा: तिसऱ्या टप्प्यातल्या चार ओळी दोन्ही सप्तकांत, एक हळुवार कडवं, एक तान किंवा सगळ्यात उंच ओळ, आणि एक ओळ मान डावी-उजवीकडे वळवत. शेवटी तीस सेकंद शांतता.

ऊ) स्टेजसाठी घेत असाल तर आणखी एक फेरी, माईक नेहमीच्या पद्धतीनं हातात धरून, नेहमीच्या अंतरावरून. काही माईकांत हाताळण्याचा ‘धबधब’ आवाज येतो, तो स्टँडवर कळत नाही.

सावधान: चाचणीत रिव्हर्ब, इक्वलायझर, कॉम्प्रेसर यांतलं काहीही लावू नका. रिव्हर्ब लावला की प्रत्येक माईक देवळात गायल्यासारखा गोड वाटतो.

## ८. ऐकणं आणि ठरवणं

पैसे वाया जाणार की नाही ते इथेच ठरतं, तेव्हा सावकाश.

आधी सगळ्या फाइलींची पातळी सारखी करा. थोडा मोठा वाजणारा माईक कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. अर्धा डेसिबल फरकही उरू देऊ नका. कोणत्याही रेकॉर्डिंग प्रोग्रॅममधला लाउडनेस मीटर यासाठी पुरतो. ही एक पायरी गाळल्यानं जेवढे चुकीचे माईक विकले गेलेत तेवढे जाहिरातींनीही विकले नसतील.

मग मदतनीसाला फाइलींची नावं बदलायला सांगा: अ, ब, क. कोणता कुठला ते तुम्हाला कळता कामा नये. लगेच ऐकू नका. गायल्यावर कान थकलेले असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. हेडफोनवर, मग फोनच्या स्पीकरवर, जमलं तर गाडीत. एकदा नुसता आवाज, एकदा तानपुरा किंवा संगतीच्या ट्रॅकबरोबर. एकटा ऐकताना सर्वांत सुंदर वाटणारा माईक संगतीत हरवू शकतो. कोरडा वाटणारा एखादा तिथे बरोबर बसतो.

ऐकताना पहिल्या ओळीवर भुलू नका, सगळे माईक मध्य षड्जावर सज्जन असतात. मी थेट उंच ओळीवर जातो आणि तीच पाच वेळा ऐकतो. पाचव्यांदा जो टोचत नाही तो पुढे. त्यानंतर ‘चमचा’ची ओळ, मग हळुवार कडव्यातले ओळीच्या शेवटचे स्वर. सौंदर्याचे गुण सगळ्यात शेवटी.

दोन माईक बरोबरीत आले तर स्वस्त घ्या. उरलेले पैसे गोधड्या, चांगला स्टँड आणि केबलवर घाला.

तिन्ही नापास? तसंही होतं. मग वहीतली दोषाची ओळ पुन्हा वाचा. बहुधा तिथे सौजन्य दाखवलेलं असतं.

## ९. खरेदी

लोकप्रिय माईकांच्या नकला सर्रास मिळतात, एसएम५८ च्या तर फारच. बाजारभावाच्या निम्म्यात ‘सीलबंद’ मिळत असेल तर तो नसतो. अधिकृत विक्रेता आणि बिल यांचा आग्रह धरा. शक्य असेल तर चाचणीत ऐकलेल्या माईकशी नवा माईक त्याच दिवशी ताडून पाहा. नकल ‘स’च्या ओळीवर सहसा उघडी पडते. जुना माईक घेताना जाळी उघडून आतला फोम भुगा झालाय का ते बघा, आणि केबल हलवत दोन मिनिटं रेकॉर्ड करा.

कोकणात किंवा मुंबईत राहात असाल तर कंडेन्सर घेतानाच हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्याही घ्या. पावसाळ्यात कॅप्सूलवर दमटपणा बसला की चटचट आवाज येतो आणि लोक माईक बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. आधी दोन दिवस डब्यात ठेवून बघा. पुड्या ओल्या झाल्या की बदला.

घरी आणल्यावर पहिलं काम: चाचणीत जिंकलेलं अंतर वहीत बघून जमिनीवर चिकटपट्टी लावा, एक पावलांसाठी आणि एक स्टँडसाठी. लो-कट लावला होता का तेही पट्टीवर लिहा. पहिला महिना त्या खुणेवरूनच गा. पट्टी झाडूबरोबर निघून गेली तर मोजपट्टी काढून पुन्हा लावा, अंदाजानं नको.